डावा चाळीस, उजवा अडतीस

प्रिय बिर्गितताईस,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (‘प्रिय’ हा शब्द पत्राची रीत म्हणून लिहिला आहे, त्यातून भलता अर्थ काढू नकोस.) तुझी प्रकृती कशी आहे? गुडघे काय म्हणतात? तिकडे उत्तरेला, बूडोला, समुद्राचा वारा असतो आणि तो सांध्यांना वाईट, हे तू तिकडे राहायला गेलीस तेव्हाच मी सांगितलं होतं. पण माझं ऐकायचं नाही असं तू लहानपणीच ठरवून टाकलेलं असल्यामुळे आता गुडघे दुखत असले तर मला काही म्हणायचं नाही. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, निदान वरून तरी तसं दिसतं. बर्फ खिडकीच्या चौकटीला लागलं आहे. हालवर रोज सकाळी शीळ घालत बर्फ उपसतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस बर्फ उपसताना कुरकुर करायचा, शीळ कधी घातली नाही. तेव्हा ‘ठीक आहोत’ हेसुद्धा जपूनच लिहिलं आहे.

हे पत्र समेटासाठी नाही, हे आधीच सांगते. बाबांच्या डोंगरावरच्या खोपटात वीज घ्यायची की नाही यावरून आपलं जे झालं ते झालं. मेणबत्ती, लाकडाची शेगडी आणि ओढ्यावरून बादलीने आणलेलं पाणी असेल तर ते खोपट. वीज आली की ते शहरातलं घर, असं मी म्हणाले होते आणि ते बरोबरच होतं. त्यावर ‘मग बस अंधारात!’ म्हणून तू जी गेलीस ती तीन इस्टर फिरकली नाहीस. बाबांचा तो मोठा उतार तिन्ही वर्षं मी स्कीवरून एकटी उतरले. (हालवर बरोबर असतो, पण तो कडेकडेने, दिसेल त्या झाडाला धरत.) उतरताना मागून ‘गुडघा वाकव, रागना, गुडघा!’ म्हणून कुणी ओरडत नाही, त्यामुळे फार शांत वाटतं. इतकं शांत की मधेच थांबून मागे बघावंसं वाटतं. ते असो. विषय बुटांचा आहे.

तर माझे स्कीचे चामड्याचे बूट गेले. आजारी वगैरे पडून नाही, अचानक. आपल्या टेलमार्क पद्धतीच्या बुटाची सगळी अब्रू त्याच्या पुढच्या चोचीत असते हे तुला मी काय सांगणार. चोच स्कीला अडकलेली, टाच मोकळी, आणि मधे आपण देवाच्या भरवशावर. मागच्या महिन्यात घरामागच्या उतारावर मी एक चांगलं वळण घेत होते (गुडघा वाकवून, तुझ्या माहितीसाठी), तेवढ्यात डाव्या बुटाचा तळवा चोचीसकट स्कीवर राहिला आणि मी वरचं चामडं घालून पुढे निघून गेले. शेजाऱ्यांच्या कुंपणाने मला अडवलं. आता गंमत बघ. हालवर हसला नाही! मी एकदा खोपटाच्या पायरीवर नुसती घसरले होते तर हा गृहस्थ वॅफल संपेपर्यंत हसत होता, आणि या वेळी मी कुंपणात उलटी लटकलेली असताना ‘अरेरे’ म्हणाला. वर लगेच, मी सरळ व्हायच्या आत, म्हणाला, “आता नवेच घ्यावे लागणार. जाऊया का आसलाकच्या दुकानात?” आणि खिशातून गाडीची किल्ली काढली. मला सांग, स्की करायला जाताना कोण गाडीची किल्ली खिशात ठेवतं? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच, कुंपणात.

घरी येऊन मी तळघरात गेले. बूट रात्री कुठे वाळत असतात ते बघितलं. ताई, शेगडीला चिकटून! आपल्या दरीत नुकतं चालायला लागलेलं पोरसुद्धा चामड्याचे बूट शेगडीजवळ ठेवत नाही. डिंक वितळतो, तळवा सुटतो. “ऑस्लोचा आहे मी, मला काय कळतं,” असं हालवर म्हणाला. हे वाक्य तो आमच्या साखरपुड्यापासून वापरतो आहे. पण ऑस्लोचा माणूससुद्धा बूट रोज एकेक वीत पुढे सरकवत नाही. फरशीवर त्यांच्या ओल्या कडांचे डाग होते, शेगडीच्या दिशेने ओळीने. हालवर म्हणतो की इस्टरच्या सुट्टीत सगळा देश खुनाच्या कादंबऱ्या वाचतो आणि सुट्टी संपली की मिटून ठेवतो, मी मात्र वर्षभर पानं उलटतच असते. म्हणू दे. डाग ते डाग.

आसलाकला तू ओळखतेसच, चर्चच्या खालच्या अंगाला स्कीचं दुकान आहे त्या म्हाताऱ्याचा मुलगा. आता तोही टकला झाला. आम्ही आत गेलो तर तो म्हणाला, “या काकू, बसा, कॉफी घ्या.” त्या दुकानात आजवर कुणाला कॉफी मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. त्याच्या बापाकडे तर उभं राहायलासुद्धा काहीतरी विकत घ्यावं लागायचं. शिवाय आसलाक हसत होता, आणि हसणारा दुकानदार आपल्या दरीत दिसला की माणसाने पाकीट आतल्या खिशात सरकवावं. मी सांगितलं, बूट बघायचे आहेत. तो म्हणाला, “हो, हो, काढूनच ठेवलेत.” आणि बाकाखालून दोन जोड काढले. एक चाळीस नंबरचा, एक अडतीसचा. मी अजून पायातले जोडेही काढले नव्हते!

तुला आठवत असेल (नसेल तरी कबूल करू नकोस), दर शरदात शाळेच्या व्यायामशाळेत जुन्या स्कीच्या सामानाची अदलाबदल व्हायची, आणि बाबा आपल्याला एका बाकावर शेजारी बसवून एक मोठा जोड आणि एक लहान जोड आणायचे. मला डावा मोठा नि उजवा लहान, तुला बरोबर उलटं. बाबा दोन्ही जोड फोडून वाटायचे आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, “देवाने चारही पाय जोडीनेच केले होते, वाटताना गडबड झाली.” आपण लाजून मरायचो. नंतर मोठेपणीही आपण मिळून तसेच बूट घेतले, हे आताचे चामड्याचे धरून, कारण दुसरा इलाजच नव्हता. बाबांचं ते ऐकणारे केव्हाच गेले, आता ही गोष्ट फक्त घरात माहीत. मग आसलाकला ती कुठून कळली, हा माझा पहिला प्रश्न.

पण विचारायला सवड मिळाली नाही. बूट प्लास्टिकचे. हो, प्लास्टिकचे, मीही नाक मुरडलं होतं. आसलाकने आतला जाड मोजा उपसून काढला आणि नुसत्या कवचात माझा पाय घातला. बोटं पुढे टेकवून मागे त्याची दोन बोटं जायला हवीत, जास्त नाही, कमी नाही. मग मोजा भट्टीत गरम केला, जागा राहावी म्हणून माझ्या पायाच्या बोटांवर कापडी टोपी चढवली आणि पाय आत कोंबून म्हणाला, “आता वळण घेतल्यासारखं गुडघ्यावर बसा काकू. गार होईपर्यंत हलायचं नाही. बुटाची घडी तुमच्या बोटांच्या मुळाशीच पडली पाहिजे, टाच उचलता कामा नये.” मी एक गुडघा टेकवून, हात पुढे धरून, डोळे मिटून बसले. (चटका बसत होता.) तेवढ्यात पाद्रीणबाई स्कीला लावायचं मेण घ्यायला आत आल्या. त्यांनी मला पाहिलं, टोपी काढली आणि मान खाली घालून शांत उभ्या राहिल्या. बराच वेळ. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “रागना, जे काही असेल ते त्याच्यावर सोपवा.” तेव्हापासून रविवारी चर्चमध्ये सगळे माझ्याकडे हळुवार बघतात आणि एकीने तर केक आणून दिला. केक बरा होता, पण मी आधी हालवरला खायला दिला.

डावा चाळीसचा झकास बसला. उजवा चाळीसचा घातला तर पाय आत फिरायला निघाला. म्हणून मी आसलाकला, नाही म्हणेल या खात्रीनेच, विचारलं की जोड फोडून एक हा आणि एक तो देशील का. कुठल्याही दुकानदाराला जोड फोड म्हटलं की त्याचा चेहरा दात काढायला बसल्यासारखा होतो. आसलाक म्हणाला, “हो, देतो की!” त्याने हालवरकडे पाहिलं. हालवरने छताकडे पाहिलं. छताला काहीही नव्हतं, मी पाहिलं.

आसलाक कॉफी आणायला आत गेल्याबरोबर मी बाकाखाली वाकले. तिथे एक रिकामा खोका होता, झाकणावर नवी चिकटपट्टी तयार. रिकामा खोका, आणि माझ्या पायात चाळीसचा डावा नि अडतीसचा उजवा. म्हणजे त्या खोक्यात जायला उरले कोण? तो परत आला तेव्हा मी उठलेही नाही, तिथूनच विचारलं.

“हा खोका कुणाचा?”

“एका गिऱ्हाइकाचा, काकू. फोनवरून सांगून ठेवलंय.”

“डावा अडतीस, उजवा चाळीस?”

आसलाकची कॉफी बशीत सांडली. “त्यांचे चामड्याचे बूट गेल्या वसंतातच फाटले. मी म्हटलं, जोड फोडला तर उरलेल्या अर्ध्याला गिऱ्हाईक कोण? त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक तुमच्याच दरीत आहे, फक्त हट्टी आहे, तुम्ही थांबा.”

“हट्टी?”

“त्या म्हणाल्या असं. मी नाही. त्या दर थोड्या दिवसांनी फोन करून विचारतात, दुसरं अर्धं कुणी नेलं का म्हणून. पण सुरुवात बुटांपासून नसते, खरं सांगायचं तर. आधी विचारतात ती अजून उतारावर जाते का, पडत तर नाही ना. आणि मग बुटांचं.”

हालवरला तेव्हाच जोराचा खोकला आला आणि तो बाहेर गेला. मी विचारलं, फोन कुठून येतो. आसलाक म्हणाला, “वरून, उत्तरेकडून. नाव सांगितलं तर त्या मला सोडणार नाहीत.” मी म्हटलं, नको सांगूस.

तर ताई, मी कुणावर आळ घेत नाही. एवढंच विचारते की तुमच्या बूडो भागात डावा पाय लहान आणि उजवा मोठा असलेली, दुसऱ्याला हट्टी म्हणणारी एखादी बाई तुझ्या माहितीत आहे का? असल्यास तिला सांग की रागना पडत नाही. कुंपणाचा प्रसंग मोजायचा नसतो, कारण तो घातपात होता. तुला माझा नमस्कार, तुझ्या गुडघ्यांना आराम पडो, आणि उत्तर लिहायचं नसेल तर लिहू नकोस, मी वाट बघणारच नाहीये.

तुझी (कागदोपत्री) बहीण,
रागना

ता. क. तो खोका मी घरी आणला आहे. आसलाक द्यायला तयार नव्हता, गिऱ्हाइकाचा माल आहे म्हणाला. मी सांगितलं, त्या गिऱ्हाइकाच्या पायांची ओळख माझ्याइतकी कुणालाच पटवता येणार नाही. लहानपणी व्यायामशाळेतल्या बाकावर माझ्या पायांना लागूनच लटकायचे ते. तेव्हा त्याने दिला. मी खोका पोस्टाने पाठवणार नाही. पोस्टावर माझा भरवसा नाही, आणि आतला मोजा गरम करून पायावरच बसवावा लागतो. पाय काही पोस्टाने येत नाही. आसलाक इस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत भट्टी चालू ठेवणार आहे. तू गुडघ्यावर बसशील तेव्हा मी दाराशी उभी राहून पाद्रीणबाईंना थोपवीन.

ता. क. २. नव्या बुटांनी मोठा उतार मी अजून उतरलेले नाही. बूट बरोबर बसलेत की नाही हे मागून बघणाऱ्यालाच कळतं, आणि हालवर झाडांकडे बघत असतो.

ता. क. ३. खोपटात वीज घेतली असं तुला कुणी (म्हणजे हालवरने, तो तळघरातून फोन करतो हे मला माहीत आहे) सांगितलं असेल तर ते खरं आहे. पण दिवा एकही लावलेला नाही, मेणबत्त्याच आहेत, तेव्हा जिंकलीस असं समजू नकोस. हालवर असेपर्यंत शेगडीजवळ बूट सुरक्षित नाहीत, म्हणून फक्त बूट वाळवायचं एक यंत्र बसवलं आहे. त्याला चार नळ्या आहेत, एकेका बुटात एकेक घालायची. दोन माझ्या. उरलेल्या दोन मी हालवरला वापरू देत नाही. त्या रात्रभर रिकाम्याच फुंकत बसतात, आणि वाया जाणारं मला बघवत नाही हे तुला ठाऊक आहे.