कपाट निर्दोष सुटलं

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो. खरा घातला तर उठवायला दोन माणसं लागतील.) तुझी तब्येत कशी आहे, वहिनीचे गुडघे काय म्हणतात, सगळं सविस्तर कळव. इकडे मी ठीक. म्हणजे, आता ठीक.

गेल्या आठवड्यात चहा गाळताना उजव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली मागच्या बाजूला, अशी कळ आली की गाळणं एकीकडे आणि मी एकीकडे. मी लगेच ओळखलं: ते कपाट! बाबांनी शिक्षिकाबाईंसाठी बनवलेलं तीन दारांचं धूड, तिसऱ्या मजल्यावर पोचवायचं होतं. तू वर, मी खाली. (धाकटा म्हणून वजन नेहमी माझ्याकडे.) जिन्याच्या वळणावर ते असं अडकलं की वर जाईना, खाली येईना. तुझ्या बाजूला बाई चहा-बिस्किटं घेऊन उभ्या. माझ्या बाजूला एक मांजर, तेही वैतागलेलं. शेवटी तुला हसू फुटलं, तुझं ऐकून मला, आणि त्या गदगदण्यात कपाट आपोआप सुटलं. बाबांच्या दुकानाच्या जागी आता चष्मे विकतात. तरी कुठे लाकडाच्या भुशाचा वास आला की माझे पाय थांबतात.

तर तेव्हापासून पाठीची प्रत्येक तक्रार मी तुझ्या खात्यावर टाकत आलो. यावेळी मात्र घरात एकमत होईना. बायको म्हणाली, गादी. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, गॅस. जावई म्हणाला, मोबाईल. (त्याला प्रत्येक दुखण्यात माझा मोबाईलच दिसतो.) मी आडवा झालो, बसलो, रांगलोसुद्धा, कशानेच आराम नाही. कळ लाटेसारखी येई, जांघेपर्यंत उतरे. उलटी झाली. मग लघवी लालसर झाली. मी म्हटलं, बीट खाल्लं असेल. बायको म्हणाली, "या घरात बीट आणलंय कुणी?" आणि थेट दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई आपल्या भाचीच्या वयाच्या. मी त्यांना कपाटाची हकीकत पहिल्यापासून सांगितली. त्यांनी ती मांजरापर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, "काका, स्नायू दुखावला की वाकताना-वळताना जास्त दुखतं, पडून राहिलं की बहुधा उतरतं. तुम्हाला कसंही बसलं तरी चैन नाही. कपाटाचा यात काही हात नाही." सोनोग्राफीत मूत्रपिंडातून निघालेला खडा दिसला, मोहरीहून जरासा मोठा. एवढ्याशासाठी मी एवढा ओरडलो, याची लाजच वाटली. औषधांनी तो पडला. निघताना त्यांनी बजावलं, कुशीतल्या दुखण्याबरोबर थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी अडली, तर वाट बघायची नाही, लगेच यायचं. पाय बधिर पडले किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तरी तसंच.

खरं सांगू? कपाट निर्दोष ठरल्याचं मला वाईटच वाटलं. इतकी वर्षं पाठ दुखली की तो जिना आठवायचा, दुकान, बाबा, तुझं ते हसणं. आता नुसतीच दुखणार.

तुझा,
धाकटा

ता.क. सकाळी वहिनीचा फोन आला होता. तुझी डावी कूस दुखतेय, काल थंडी वाजून ताप आला, आणि तू म्हणालास, "जुनी पाठ आहे, जाईल." फोनवर तू माझं ऐकत नाहीस, रिसीव्हर टेबलावर ठेवून पेपर वाचतोस. पत्र मात्र शेवटपर्यंत वाचतोस, म्हणून हा खटाटोप.

आणखी एक. पत्र घेऊन आलेला टॅक्सीवाला खाली उभा आहे. तुला घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं त्याला सांगितलंय. एवढं लांबण लावलं ते तुझं वाचून होईतो वहिनीची पिशवी भरून व्हावी म्हणून. मी दवाखान्याच्या दारात थांबलोय. चष्मा काढ आणि ऊठ.