पांढऱ्या डागाची लेन्स

मी मारोतराव सदाशिवराव भोयर, वय ६९, राहणार पुसद, जिल्हा यवतमाळ, पूर्वीचा धंदा फोटो स्टुडिओ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, स्वतःच्या टेबलावर लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही. पत्नी प्रभावती मागून "अजून किती लिहिता, जेवाले या," म्हणून राह्यली आहे, तेवढाच काय तो दबाव. याआधी कधी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव प्रभावतीची. तिच्या पश्चात मुलगा श्रेयस, ज्याला सारं पुसद बंटी म्हणतं, त्याची. तोवर त्यानं आईला विचारल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकू नये.

२. स्टुडिओची जागा बंटीची. तिथं मोबाईलचं दुकान टाकायचा त्याचा बेत आहे. त्यानं मला सांगितलेलं नाही, पण मला माहीत आहे. खुशाल टाकावं. फक्त मागच्या डार्करूमची पांढरी भिंत पाडू नये. कारण कलम ५ मध्ये येईल.

३. माझ्या जुन्या लेन्स, एकूण सतरा. धंदा बसल्यावर मला डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे फोटो काढायचा नाद लागला. जांभळ्याच्या पलीकडचा तो अतिनील आणि तांबड्याच्या पलीकडचा तो अवरक्त. एक जुना डिजिटल कॅमेरा उघडून असा उजेड अडवणारी आतली काच काढून घेतली आणि लेन्स भंगारातून जमवल्या. समोरच्या स्टुडिओचे धावजी राठोड चारचौघांत म्हणाले, "भोयरभाऊची ऐपत सरली, आता भंगार येचून राह्यले." त्यांना हे कलम दाखवावं. नव्या महागड्या लेन्सवर लेपाचे इतके थर असतात की अतिनील उजेड फारसा आत शिरतच नाही. त्याला जुनी, साधी, चार-पाच काचांची लेन्सच लागते. माझ्या सगळ्यांत चांगली निघाली ती डार्करूममध्ये फोटो मोठे करायच्या यंत्राची, जी मी फेकणारच होतो. सूर्यफूल आपल्याला सगळं पिवळं दिसतं. तिनं पाकळ्यांची मुळं काळीभोर दाखवली. ही लेन्स धावजींनाच द्यावी. बसू दे पाहत.

४. बाकीच्यांतली कुणाला हवी असेल तर त्यानं कंपनीचं नाव पाहून भुलू नये. काचेत बुरशी नको, उजेड कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या पात्यांना तेल नको. वरचा एखादा ओरखडा माफ. अवरक्तासाठी घेणार असेल तर आधी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. काही लेन्स अवरक्तात फोटोच्या मधोमध पांढरा गोल डाग पाडतात. झडप बारीक केली की तो आणखी ठळक होतो. तो डाग समोरच्या वस्तूवर नसतो, लेन्सच्या पोटात असतो. भिंत पाहिल्याशिवाय लेन्स वापरायला काढू नये. मी काढली.

५. हे कलम बंटीनं माझ्या तेरवीला, पंगत बसायच्या आधी, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावं.

माझी धाकटी बहीण नलू ढाणकीला दिलेली. तिची मुलगी वैष्णवी. मार्च २०१९ मध्ये वैष्णवीच्या साक्षगंधाची तारीख धरायला मुलाकडचे माझ्याच घरी आले होते. मी मामा, त्यात मिरवायची हौस. पोरीला अंगणात खुर्चीवर बसवलं आणि नुकत्याच आणलेल्या लेन्सनं अवरक्त फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिच्या गालावर पांढरा गोल डाग आला. मुलाच्या काकांनी विचारलं, "काय होय जी हे?"

मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही एवढंच म्हणायला पाहिजे होतं. पण मी म्हणालो, "कॅमेरा लबाड नाही बोलत. डोळ्याले नाही दिसत ते याले दिसते."

काकांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. संध्याकाळी निरोप आला, पोरीला कोड आहे, जमणार नाही.

डॉक्टरांनी तपासलं. कोडाचा मागमूस नव्हता. पण बोलणं गावोगाव झालं होतं. पुढची दोन स्थळं ढाणकीच्या बसस्टँडवरूनच माघारी फिरली. नलू माझ्या दारात उभी राहून रडली, "भाऊ, कायले बोलला तू? गप राहता नाही आलं तुले?" तेव्हापासून तिची राखी आलेली नाही.

आता खरं सांगतो. सोयरीक मोडली त्याच्या नवव्या दिवशी मी त्याच लेन्सनं डार्करूमच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. डाग तिथंही होता, त्याच जागी, तेवढाच. म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं. मी लेन्स डब्यात घातली आणि कुणाला सांगितलं नाही, प्रभावतीलाही नाही. चाळीस वर्षं लोक म्हणत आले, फोटोतलं काही असेल तर भोयरला विचारा. त्या नावापायी मी माझ्या भाचीचं नाव जाऊ दिलं. मला लाज वाटते. भिंतीचा फोटो सोबत जोडला आहे. कुणाला शंका असेल त्यानं भिंत आणि लेन्स दोन्ही तपासून पाहावं.

६. ती लेन्स विकू नये. दुसऱ्या कुणाच्या घरात ती जायला नको.

७. वैष्णवीला काही ठेवलेलं नाही. ठेवणार होतो. ती लोहाऱ्याला कारखान्यात मालाची तपासणी करते. फोन केला तर म्हणाली, "मामा, मले काही नको तुमचं." ज्याला काही मिळत नाही त्यानं साक्षीदार व्हावं, असं वकील म्हणतात, म्हणून तिला साक्षीला बोलावलं. तेवढ्याला तरी तिनं हो म्हटलं. "येते. पण वाचल्याबिगर सही नाही करत."

ठिकाण: पुसद. तारीख: ३ ऑगस्ट २०२५.

सही: मारोतराव सदाशिवराव भोयर

साक्षीदार १: वामन रामकृष्ण पांढरीपांडे, निवृत्त मुख्याध्यापक, शेजारी. सही.

साक्षीदार २: वैष्णवी, लोहारा, यवतमाळ. सही. "पूर्ण वाचलं. तेरवीले वाचून मायले काय उपयोग? येत्या शनिवारी राखी हाय. ढाणकीले या अन् तुमच्याच तोंडानं वाचा. माय राखी बांधो न बांधो. अन् एक राहिलं मामा. डाग लेन्सचा होता हे लिहिलं. माझा असता तर?"

खाडाखोडीचा खुलासा: कलम ५ मधले "बंटीनं माझ्या तेरवीला, पंगत बसायच्या आधी," हे शब्द खोडून "मी स्वतः येत्या राखीला, नलूच्या घरी," असे केले आहेत. त्याच कलमाच्या शेवटी पुढील मजकूर वाढवला आहे: "डाग तिचा असता, तरी ते लोक उठून जाताना मी पोरीच्या बाजूनं उभं राहायला पाहिजे होतं. मी त्यांच्या चपला शोधून देत होतो." बदल माझ्या मर्जीनं केले आहेत. सही: मा. स. भोयर