पायरीकडचं पाणी

३ मार्च
फाटकाजवळच्या खोडावर केशरी थर आलाय. आई म्हणाली, झाडाला गंज चढला. मी म्हटलं, शेवाळ आहे ते. जात हिरव्यांचीच, रंग तेवढा केशरी.
वहिनी पदर तोंडाला लावून हसली.
दादा म्हणाला, ‘घरातली पहिली शिकलेली. कावळा पांढरा म्हणाली तरी मान हलवायची.’
तरीही संध्याकाळी रोपवाटिकाभर फिरले. कुंड्यांच्या बाहेरून मखमल. नळाखालच्या दगडावर तपकिरी, बुळबुळीत – हेच भिंगाखाली काचेच्या इवल्या डब्यांसारखं दिसतं. एवढंसं अंगण, आणि किती जाती!
मग तळ्यावर गेले. घराकडच्या पायरीवरून आम्ही पिण्याचं पाणी भरतो. पलीकडच्या काठाला हिरवा थर. तारांचं शेवाळ काठीला केसांसारखं लटकतं. हे लटकलं नाही. भिंतीच्या रंगासारखं ओघळलं.
बरणीत भरून खिडकीत ठेवलंय.

४ मार्च
सकाळी सगळं वर तरंगत होतं, खाली स्वच्छ पाणी. साधं हिरवं असं सगळंच्या सगळं वर येत नाही. बरणी कामावर, प्रयोगशाळेत नेली.
‘मॅडम, मला वाटतं, निळं-हिरवं –’
‘वाटण्याचा पगार इथे मिळत नाही.’
मग त्यांनी स्वतः भिंगाला डोळा लावला. चाचणी करून घेतली. चार वाजता बोलावलं.
‘विषारी आहे. यकृत धरतं. हे पाणी पितं कोण?’
‘आम्ही. उकळून पितो.’
‘उकळून हे विष जात नाही.’

५ मार्च
जेवताना सांगितलं. सध्या वारा पायरीकडून पलीकडे वाहतो, म्हणून थर तिकडे लोटला गेलाय. वारा फिरला की आपल्या पायरीला लागेल.
‘मग वाऱ्याशी बोलून ठेव,’ दादा म्हणाला.
आई म्हणाली, ‘याच पाण्यावर वाढलीस ना गं?’
दादाने ताट सारलं. तळ्याचं नाव खराब झालं तर रोपं कोण नेणार? बाहेर एक शब्द बोललीस तर नोकरी बंद, घरात बसायचं.
मॅडमनी विचारलं, घरी सांगितलंस ना? हो म्हटलं. खोटं नव्हतं.

६ मार्च
प्रयोगशाळेच्या नळावरून कॅन भरून आणला. मी तेवढंच पिते. दादाने नाव ठेवलं – बाटलीबाई. आता गडीसुद्धा म्हणतात.

९ मार्च
मी गड्यांना रोपं मोजून देत होते. दादा मागून आला. ओंजळभर तारांचं शेवाळ माझ्या डोक्यावर पसरलं – गार, कानावरून गळ्यात.
‘घ्या, बाईंचं गंगावन!’
सगळे हसले. आईसुद्धा. वहिनीने टॉवेल दिला, पण हसू आवरून झाल्यावर.
माझ्या मनात पहिलं काय आलं? की ही जात निरुपद्रवी आहे. एवढंच.

१० मार्च
दादाने नवीन टूम काढलीय. सकाळी पायरीवरून पेला भरतो, गड्यांसमोर माझ्यापुढे उभा राहतो आणि वाट बघतो.
‘नको दादा.’
हे ऐकलं की गटागट पितो. पेला उपडा करून दाखवतो. ‘मेलो का?’

१२ मार्च
‘नको दादा.’ गट गट. हशा.

१७ मार्च
रोज तेच. मी गप्प राहिले तर तो म्हणतो, ‘अगं म्हण की, पाणी गार होतंय!’ मग म्हणते.
वहिनीने हळूच विचारलं, ‘खरंच विष असतं का गं?’ तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘तू म्हणतेस तोवर तो पिणारच. त्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे.’

२० मार्च
दादा ठणठणीत आहे. मला बरं वाटायला हवं होतं.

२३ मार्च
वारा फिरला. दोरीवरचे कपडे घराकडे उडताहेत. पायरीला दाट हिरवा थर, काठीवरून ओघळणारा. आईचं आणि वहिनीचं भांडं मी उठल्याउठल्या माझ्या कॅनमधून भरलं.
दादा पेला घेऊन आला. पाणी नव्हतंच ते, रंग होता. गडी बघत होते. त्याचा हात हनुवटीपाशी थांबला. माझ्याकडे बघत राहिला. आज एक ‘नको’ म्हटलं असतं, तर हसून त्याने पेला कुंडीत ओतला असता. मला ते दिसत होतं.
मी चहा गाळत होते.
‘पी, दादा,’ म्हटलं.