पाच मिनिटं म्हणजे नक्की किती

तीर्थरूप ताईस, धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच समज). गुडघा कसा आहे? तेल लावतेस की नुसतं बाटलीकडे बघतेस? तुझी लेक सुखरूप आहे, शेजारच्या खोलीत जेवते आहे. डोकं ठिकाणावर नाही ते माझं, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या वर्षी त्या मोठ्या खेळांच्या बागेत चिमी रांगेत कान दाबून खाली बसली, लोक बघत राहिले, आणि तू रडत घरी आलीस ती 'आता गर्दीत नेणं बंद' म्हणतच. एकवीस वर्षांची पोर, स्वमग्न आहे म्हणून काय जन्मभर खिडकीतून जग बघणार, असं मी तावातावानं विचारलं. तू म्हणालीस, ने, पण हे शेवटचं. तेव्हापासून मीही मनातून घाबरलो होतो (तोंडावर कबूल केलं नाही एवढंच).

त्याच बागेत जायची तयारी जय्यत केली. हेडफोन घेतले, तिला सगळ्या पाळण्यांचे फोटो आधी दाखवले, कचेरीत हातापाया पडून बाजूच्या दारानं सोडायची चिठ्ठीसुद्धा मिळवली. पण त्या दारावरचा माणूस जेवायला गेलेला, म्हणून तोवर रोलर कोस्टरच्या साध्या रांगेत उभे राहिलो. चिमीनं विचारलं, किती वेळ? मी म्हणालो, पाच मिनिटं. अगं, तीस वर्षं शिवणकाम करतोय, गिऱ्हाइकाला 'परवा नक्की' म्हणायची जिभेला सवय. तो परवा उजाडत नाही हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. चिमीला कसं असणार? सहाव्या मिनिटाला तिचे हात कानांवर गेले, ती पुढेमागे झुलायला लागली, मागच्या बाईनं आपलं मूल जवळ ओढलं. मी पुन्हा म्हणालो, झालंच, पाच मिनिटं. मामा खोटं बोलतो, ती म्हणाली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कान धरून सांगितलं, मला खरंच माहीत नाही गं.

ती वर फिरणाऱ्या डब्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, एका फेरीत बावीस माणसं, फेरी चार मिनिटांची, आपल्यापुढे एकशे बत्तीस. चोवीस मिनिटं, मामा. आणि हात खाली आले. झुलत होती, पण मजेत. तेवढ्यात दारावरचा माणूस जेवून आला, बाजूनं चला म्हणाला, तर ही हलेना. आपला नंबर सातव्या फेरीत, म्हणे. एवढ्या मिनतवाऱ्यांची चिठ्ठी माझ्या खिशातच राहिली. मूल जवळ ओढणारी ती बाई हळूच विचारते, आमचा नंबर कधी? तुमचाही सातव्यात, इति चिमी.

बरोबर चोवीस मिनिटांनी साखळी उघडली. मी घड्याळाकडे बघतोय, तिच्याकडे बघतोय, अंगावर काटा. इतकी वर्षं आपण समजत होतो की पोरीला रांगा सोसत नाहीत. तिला आपल्या थापा सोसत नव्हत्या, ताई. मला फार लाज वाटली, आणि तिचा अभिमान त्याहून जास्त.

बाकी ठीक. गुडघ्याची हेळसांड करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. वर गेल्यावर मी ओरडलो असं ती सांगेल. सतरा वेळा. आकडा बरोबर आहे.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर एवढ्यासाठीच. रविवारी पुन्हा जायचं म्हणते, आणि तिकिटं तीन काढायला लावली आहेत. तिसरं तुझं. मी म्हटलं, आई यायची नाही, तिला त्या रांगेची धास्ती बसली आहे. त्यावर म्हणाली, तेव्हा आईला किती वेळ ते कुणी सांगितलंच नाही, म्हणून ती रडली. या वेळी मी सांगेन.