पंधरवडा कोरडा जाईल

३ नोव्हेंबर

आज खेचरावरून तिमझीत या डोंगरातल्या गावी पोहोचलो. त्याचं आणि माझं वय साधारण सारखंच असावं. चढावर दोघेही एकाच ठिकाणी दम खायला थांबत होतो. इथली वेधशाळा म्हणजे एक गच्ची, तिच्यावर पांढऱ्या पेटीत तापमापक, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा, आणि खाली लल्ला इत्तोचं घर. त्यातली चुलीला लागून असलेली खोली माझी. रोज नोंदी घ्यायच्या आणि आठवड्यातून एकदा सबंध डोंगरी प्रांताचा हवामानाचा अंदाज बिनतारीवरून मेक्नेसच्या नभोवाणीला कळवायचा, एवढंच काम. मेक्नेसमध्ये तो कुणी ऐकत नाही, हे मी वीस वर्षं तिथे राहून सांगतो.

इत्तो विधवा आहे आणि जिभेची तिखट. माझी पुस्तकांची पेटी उचलताना विचारत होती, सी तिजानी, मेक्नेसची हवा यात भरून आणलीत काय, इथली पुरली नसती का. रात्री जवाची भाकरी, लोणी, मध. माझं इथे उत्तम चालणार.

७ नोव्हेंबर

आकाश निरभ्र, वारा मंद, दुपारी अंगरखा काढून बसता येतं. हेमंत ऋतूने इतकं सौजन्य दाखवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

इत्तोचा मुलगा अद्दी मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात असतो. अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर तो रोज समोरच्या कड्यावर येऊन उभा राहतो आणि ओरडून विचारतो, ढगांचे काझी, उद्याचं कसं? दरी अशी आहे की आवाज थेट कानाशी येतो. मी गच्चीवरून निकाल देतो. काल म्हणाला, तुमचा निकाल चुकला तर अपील कुणाकडे करायचं. खालून इत्तो ओरडली, माझ्याकडे कर, मी त्यांची भाकरी बंद करते.

११ नोव्हेंबर

आज मेंढपाळांना खाली बोलवायचा दिवस. गावाच्या वेशीवर काट्यांचं कुंपण आहे. तिथे प्रत्येक घरातलं माणूस उभं राहतं आणि आपापल्या पोराला नावाने हाक मारतं. हाक आली की उतरायचं, त्याआधी नाही. कुरणाचा मुखिया म्हातारा बास्सू देखरेखीला होता.

इत्तो मात्र घुटमळत होती. बाकीचे कळप उतरले की उरलेलं गवत एकट्या तिच्या मेंढ्यांना मिळणार होतं, आणि त्यांच्या बरगड्या दिसत होत्या. तिने मला विचारलं, थांबवू का त्याला. मी आदल्याच दिवशी अंदाज धाडला होता: पंधरवडा कोरडा जाईल. विद्येचा भर अंगात होता. तिने तोंड उघडायच्या आत मीच हाक दिली, अद्दी, थांब अजून, हवा चांगली आहे.

बास्सूला ते रुचलं नाही. म्हणाला, पाहुणे, ही घरच्यांची हाक असते. आता ज्या तोंडाने थांबवलंत त्याच तोंडाने बोलवावं लागेल, दुसऱ्या कुणाच्या सांगण्याने तो उतरायचा नाही. लोकाचाराचा उत्तम नमुना म्हणून मी ते इथे टिपून ठेवतो आहे.

१६ नोव्हेंबर

सकाळी वायुभारमापकाचा पारा एकदम घसरला. यंत्र बिघडलं असं समजून मी काचेवर टिचकी मारली आणि चहा प्यायला बसलो.

दुपारपर्यंत बर्फाच्या वादळात कडा दिसेनासा झाला. कुंपणाशी जाऊन घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. वाऱ्याने त्या माझ्याच तोंडात परत कोंबल्या. इत्तो शेजारी उभी होती.

१९ नोव्हेंबर

आज उघडलं. बास्सू चार माणसं घेऊन वर गेला. अद्दी मेंढवाड्याच्या भिंतीला टेकून, गावाकडे तोंड करून बसला होता. छातीपर्यंत बर्फ. भोवती मेंढ्या, सगळ्या मेलेल्या. जमीन खणवेना म्हणून त्याच्यावर दगड रचले, दुवा म्हटली आणि परतले.

इत्तोने एवढंच विचारलं, जेवला होता का. त्याच्या पिशवीत भाकरी तशीच होती.

बास्सूने मला एक वाकडा शब्द सुनावला असता तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर

अस्रनंतर कड्यावरून आवाज आला.

उद्याचं कसं?

२२ नोव्हेंबर

सगळं गाव ऐकतं. नमाज संपला की दारं लागतात. बास्सू येऊन उंबऱ्याबाहेरूनच बोलला: उत्तर देऊ नका. त्याला आम्ही दगडांखाली ठेवलंय, तो तिथेच असू द्या. बर्फ वितळला की आपोआप गप्प होईल.

तोवर चार महिने आहेत.

२४ नोव्हेंबर

इत्तो दिवसभर गच्चीवर बसते, बर्फात, अनवाणी. ये रे बाळा, उतर, म्हणते. तो उतरत नाही. मलाच विचारत राहतो. तिची बोटं काळी पडली आहेत. खात नाही. आज अगदी शांतपणे मला म्हणाली, तुम्ही थांबवलंत, तुम्हीच बोलवा. नाहीतर मी जाते त्याच्याजवळ.

२५ नोव्हेंबर

ती गेलीच होती. कुंपणापलीकडे कमरेएवढ्या बर्फात सापडली. ओढून आणताना चावली मला. आणखी एक दिवस ती जगणार नाही—

मग मी हाक दिली. अद्दी, उतर.

दरी गप्प झाली. इत्तो भाकरी थापायला बसली.

२६ नोव्हेंबर, भर दुपार

लख्ख ऊन. वेशीवरचे काटे बाजूला सारलेले. चुलीशी बसला आहे. देवदाराचं लाकूड धड पेट घेत नाही—इत्तो त्याच्या केसांतला बर्फ बोटांनी काढते आहे, हसते आहे. खिडकीवर हिम आतून चढतंय.

माझ्याकडे बघतो. उद्याचं विचारत नाही आता. मेंढ्या वर एकट्या आहेत म्हणतो. कळप उघडा टाकता येत नाही, कुणीतरी लागतंच—

बास्सूला ओरडून बोलावलं. बाहेर दारांच्या कड्या लागल्याचे आवाज.

इत्तोने खुंटीवरचा माझा अंगरखा काढला. मला वाटलं, पोराला पांघरायला. तो तिने माझ्यापुढे धरला आहे. बाह्या सरळ करून. आईसारखी. म्हणते, घाला, सी तिजानी, वर वारा असतो. भाकरी बांधून दिली आहे. आज हवा चांग—