दारातली पालथी घागर

प्रिय मोठ्याई,

उद्या आपल्या सुनंदाचा साखरपुडा आहे. आईनं पुरणाची डाळ निवडून ठेवलीय, बापू सकाळी अहमदपूरच्या मोंढ्यात बाजाराला जातो म्हणून गेलाय तो अजून आलेला नाही, आणि मी माहेरच्या माजघरात बसून तुला लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे मला. पण या घरात हे बोलायचं तरी कुणाशी?

मुलगा धर्माबादकडचा. मुलगा कसला, चांगला पस्तिशीचा बाप्या! तुझ्या पश्चात लातूर वेगळा जिल्हा झाला बघ. तिथं नव्या कचेऱ्यांच्या इमारती उठताहेत आणि हा त्यांना गिट्टी पुरवतो. बापूशी त्याची ओळख गुत्त्यावर झाली, आणि सोयरीकही तिथंच ठरली.

त्याची पहिली बायको वारलीय. परवा त्याची आई आली होती. तिनं लाल फडक्यातून सवतीचा टाक काढला आणि सुनंदासमोर ठेवला. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची मूर्त. दुसरीनं ती गळ्यात घालायची, म्हणजे मेलेल्या पहिलीचा जीव शांत राहतो म्हणतात. आईनं विचारलं, पोर कशानं गेली?

"विहिरीवर पाय घसरला," ती म्हणाली, आणि चहात पडलेली माशी बोटानं काढून टाकली.

आईच्या गळ्यात तुझा टाक आहे. तिचा हात तिथं गेला, तो मी पाहिला.

मोठ्याई, तुला मूल नाही म्हणून बापूनं आईला आणलं तेव्हा गावाला वाटलं होतं, आता दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटणार. तसं काही झालं नाही. आईला पहिल्यांदा मार पडला त्या दिवशी तूच तिच्या पाठीला हळद लावलीस, आणि तेव्हापासून तुमची एकी झाली. बापू शिंदी पिऊन घरात आला की तू ओट्यावर घागर पालथी घालायचीस. ती लांबून दिसली की आई आम्हा दोघी बहिणींना घेऊन मारुतीच्या पारावर जाऊन बसायची. बापू घोरायला लागला की तू घागर सरळ करायचीस. मधल्या वेळात तू आत एकटी.

एकटीनं का सोसलंस गं? पाराकडे तूही का नाही आलीस? याचा मला अजून राग येतो, तुझ्यावर येतो.

शेजारची गंगाबाई तुला बोलायची, दारात पालथी घागर ठेवू नये, घरात अवदसा येते. तू म्हणायचीस, "आलीच हाय की, माय. आत निजलीय."

मग दुष्काळ पडला. बापू खडीच्या सरकारी कामावर मुकादम झाला. रोजचा पैसा, रोजची शिंदी. आई गिट्टी फोडायला जायची, आम्ही तिच्यामागं. तुझा खांदा त्यानं आधीच निखळवला होता, म्हणून तू घरी असायचीस.

त्या दिवशी भलत्याच वेळी टँकर आला. सगळं गाव धावलं. गंगाबाईनं पाहिलं, आपल्या ओट्यावर रिकामी घागर पालथी पडलीय, घरातून कुणी बाहेर येत नाही. बिचारीनं ती उचलली, आपल्यासोबत भरून आणली आणि ओट्यावर ठेवली. सरळ, काठोकाठ भरलेली!

आम्ही कामावरून परतलो तर काय, दारात पाणी, आणि घागर सरळ, म्हणून पाराकडे वळलोच नाही. सुनंदा तेव्हा सात वर्षांची. ओंजळीत पाणी घेऊन ती पळत आत गेली, बापूला दाखवायला. त्याच्या हातात चुलीतलं लाकूड होतं. तू तिच्यावर पालथी पडलीस. मी उंबऱ्यातच होते, मोठ्याई. तुझं डोकं जात्यावर आपटलं तो आवाज मी ऐकलाय.

सुनंदाला आईनं पदरात गुंडाळून बाहेर नेलं. तुझ्याखाली तिला काहीच दिसलं नव्हतं. तिला अजून एवढंच आठवतं, की त्या दिवशी घागर भरलेली होती.

"विहिरीवर पाय घसरला म्हणायचं," बापू म्हणाला. आपली विहीर शिमग्यापासून कोरडी होती. पायऱ्यांवर फुफाटा. कोरड्या विहिरीवर पाय घसरतो का गं? सारं गाव तुला पोचवायला आलं, आणि एकानंही हे विचारलं नाही! आईनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि गप्प राहायची शपथ घातली.

तेरावं झाल्यावर बापूनंच सोनाराकडून तुझा टाक करून आणला. आईच्या गळ्यात बांधताना त्यानं मूर्तीकडे बघायचं टाळलं. तो तुला भितो, हे आईनं ओळखलं. पुढं कधी त्यानं हात उगारला की ती टाक पदराबाहेर काढायची आणि नुसती उभी राहायची. हात खाली यायचा. मेल्यावरही तू तिला राखलंस. पण सुनंदाच्या गळ्यात पडेल ती परकी पोर तिला कशी राखणार? तिला स्वतःला तरी कुणी राखलं?

मघाशी आईनं तुझा टाक सोडून माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा गळा मोकळा पाहिला.

"शपथ सुटली म्हण," ती म्हणाली. "माझ्यानं बोलवत न्हाई. तू बोल."

मी ठरवलं होतं, उद्या पाहुण्यांची जीप यायच्या आधी ओट्यावर घागर पालथी घालायची. कुणी विचारलं की टाक पदराबाहेर काढून सगळ्यांसमोर सांगायचं, तू कशी गेलीस, कुणाच्या हातानं गेलीस, आणि ती धर्माबादची पोरही कशी गेली असेल.

आता बाहेर सायकल ओट्यावर आदळल्याचा आवाज झाला. बापू आला. आईच्या गळ्यात आज टाक नाही, आणि सुनंदा गंगाबाईकडे मेंदी काढायला गेलीय, एवढ्यात येईल.

उद्यापर्यंत थांबता येणार नाही, मोठ्याई. घागर मी आत्ताच पालथी घालते. पण पाराकडे नाही जायची, आईला घेऊन गंगाबाईच्या दारात जाते, आणि तिथंच, गल्ली ऐकेल असं, सुनंदाला सगळं सांगते. आपली सुनी या खेपेला न कळता उंबरा ओलांडणार नाही. हा माझा तुला शब्द.

तुझा टाक गळ्यात बांधून निघालेली,
तुझी थोरली,
शकू