कापसाच्या काडीवरचं कूळ

४ फेब्रुवारी २००७, कळंब
तेजस्विनीला मंचरच्या कापडवाल्या मोहनलालजींचा पारस पसंत आहे. आपण कांदा पिकवायचा आणि पोरगी कांदा न खाणाऱ्या घरात. किळस आली. जेवलो नाही. (उशिरा दोन भाकरी. बायको इंद्रायणीचा आग्रह.)

११ फेब्रुवारी
मंचरला पुण्याच्या संशोधक बाई आल्यात. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, डीएनएवरून पूर्वजांचा माग काढतात. पहिला नंबर लावला. तंबाखूमुळे तीनदा चूळ भरायला लावली. घाणेरडा प्रकार. पारसनेही काडी दिली. उत्तम. घरी जाहीर केलं : आपलं रक्त वेगळं निघणार, विषय बंद. पोरीने विचारलं, सारखं निघालं तर? हसलो.

९ मे
रिपोर्ट. आईच्या बाजूने माझा गट एम. पारसचाही एम. शी! बाईंना फोन. म्हणाल्या, देशातले निम्म्याहून जास्त लोक एमच. डीएनएवर जात लिहिलेली नसते. आईची आई, तिची आई असं मागे गेलं तर साऱ्या जगाची आई आफ्रिकेतली एकच. म्हणजे आपण माकडं का, विचारलं. नाही, माणसंच, म्हणाल्या. वैतागल्यासारख्या वाटल्या.

१० मे, पहाटे
सुचलं! आई एक म्हणजे पारस आमचा भाऊबंद. भावकीत लग्न होत नाही. विज्ञान माझ्या बाजूने.

संध्याकाळी
ओट्यावर सगळ्यांना समजावलं. शेजारचा गेणभाऊ म्हणाला, "राव, मंग वैनी बी तुमची भईनच की." अडाणी माणूस. इंद्रायणी उठून आत गेली. तिला पटलं.

११ मे
इंद्रायणीने अंथरूण पोरीच्या खोलीत नेलं. सकाळी चहा ठेवला. "घ्या भाऊ." लग्नाला सव्वीस वर्षं झाली. वर म्हणाली, "पावणं आलाय तर दोन दिस ऱ्हावा. मंग आपल्या घरी जावा." मी हे मनावर घेतलेलं नाही.

१३ मे
दोन दिवस झाले. माझी पिशवी ओट्यावर आली आहे. धुतलेले कपडे, घडी घालून. विज्ञान अजून कच्चं आहे, असा निष्कर्ष काढला. इतकं जुनं नातं धरायचं नसतं. घरात तसं सांगितलं. इंद्रायणी म्हणाली, मग पारसचं बी धरू नका.

१४ मे
मोहनलालजींना स्वतः फोन केला. तारीख काढा म्हणालो. मोठेपणा माझाच.
दुपारी पोरीने आतून हाक मारली, "मामा, जेवायला चला. आज भाजीत कांदा नाही."
ओ दिली.